शिनोळीचा टॉवर, मिरजेची गाडी

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१. गोव्याचा ०८३२. कोल्हापूरचा ०२३१. लँडलाइन आता फारशी कुणाकडे उरलेली नाही, पण खडेबाजारातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर हे आकडे अजून दिसतात. महाराष्ट्राचे कोड शून्य-दोन नाहीतर शून्य-सातनं सुरू होतात, कर्नाटकाचे शून्य-आठनं. गोवाही शून्य-आठातच. पण मोबाईलच्या परवान्यांसाठी दिल्लीनं देशाची जी सर्कल पाडली, त्यात गोवा महाराष्ट्राबरोबर गेला. टपालखात्याच्या हिशेबातही गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. म्हणजे त्याच गोव्याला लँडलाइनवाल्यांनी आमच्या शेजारी बसवलं आणि मोबाईलवाल्यांनी कोल्हापूरच्या पंगतीला. यावरून कुणी मोर्चा काढल्याचं, बंद पुकारल्याचं मला तरी आठवत नाही.

आम्ही सीमाभागातली माणसं भांडलो ती एकाच रेषेवरून, बेळगावला आजच्या कर्नाटकात घालणाऱ्या. ती १ नोव्हेंबर १९५६ला पडली. त्याआधीच्या जानेवारीतले हुतात्मे, मग सत्याग्रह, सीमातंट्यावर नेमलेला महाजन आयोग, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं इथल्या पोराला पाढ्यांबरोबर येतं. या भांडणात दिल्ली म्हणजे निकाल देणारी किंवा न देणारी दिल्ली. पण त्याच काळात तिथल्याच दुसऱ्या इमारतींतून आणखी रेषा आखल्या जात होत्या. टपालाच्या, रेल्वेच्या, टेलिफोनच्या, हमरस्त्यांच्या. त्या आखणाऱ्यांना बेळगाव कुणाचं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या रोजच्या जगण्यात त्या रेषांनी पहिल्या रेषेपेक्षा जास्त लुडबुड केली आहे.

या रेषा आखणारं दळणवळणाचं खातं आज एक राहिलेलं नाही. रेल्वेचं वेगळं, रस्त्यांचं वेगळं, विमानांचं वेगळं, जहाजांचं वेगळं, आणि टपाल-दूरसंचारचं आणखी वेगळं. १९४७च्या पहिल्या मंत्रिमंडळात दळणवळण रफी अहमद किडवाईंकडे होतं, रेल्वे आणि वाहतूक जॉन मथाईंकडे. १९५७मध्ये रेल्वे तेवढी बाजूला ठेवून वाहतूक आणि दळणवळण असं एकच मंत्रालय झालं आणि ते लालबहादूर शास्त्रींकडे आलं. सहाएक वर्षं ते तसं चाललं. मधे, १९५८-५९च्या सुमाराला, त्या खुर्चीत स. का. पाटील होते. संयुक्त महाराष्ट्राला विरोध करणारे स. का.! इकडे बेळगावात सीमासत्याग्रह सुरू, आणि त्याच्या तारा नि पत्रं ज्या खात्यातून दिल्लीला जायची त्याचे मंत्री ते. आमच्या आजोबांच्या पिढीला हे नाव गोड लागायचं नाही, पण पोस्टाच्या पेटीत पत्र टाकायचं काही कुणी थांबवलं नाही.

राज्यघटनेनं ही वाटणी आधीच करून ठेवली आहे. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, हवाई वाहतूक, टपाल-तार-टेलिफोन हे केंद्राच्या यादीत. बाकीचे रस्ते राज्याच्या यादीत. मोटारगाड्या दोघांच्या सामाईक यादीत. कागदावर हे रुक्ष वाटतं. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर उचगाव ओलांडून हद्दीवरच्या बाचीपाशी या, म्हणजे ते रुक्ष वाटणार नाही.

माझे थोरले काका आरएमएसमध्ये होते. रेल्वे मेल सर्व्हिस. तिला रेल्वेचा डबा लागे आणि टपालखात्याचा माणूस, म्हणून दोन्ही मंत्रालयं मला पहिल्यांदा दिसली ती त्या एकाच डब्यात. लहानपणी त्यांना जेवणाचा डबा द्यायला स्टेशनवर जायचो तेव्हा काका दारात उभे असायचे आणि त्यांच्यामागे भिंतभर लाकडी खण. प्रत्येक खणावर खडूनं किंवा चिठ्ठीनं गावाचं नाव. आकड्यांना लटकलेल्या कॅनव्हासच्या थैल्या, सुतळी, लाख वितळवायची छोटी मेणबत्ती, पितळी शिक्का. डब्याच्या बाहेरच्या अंगाला एक फट होती. गाडी सुटायच्या आत जादा तिकीट लावून तिच्यात पत्र टाकता यायचं, त्याला लेट फी म्हणत. फलाटावर धावत येऊन त्या फटीत पाकीट सरकवणारी माणसं मी पाहिली आहेत. गाडी हलली की काका दोन पाय फाकवून उभे राहत आणि हातातला पत्रांचा गठ्ठा पत्ते वाटावेत तसा खणांत वाटत सुटत. नजर पत्त्यावर आणि हात आपोआप. लेंगरे? विटा. तुडये? बेळगाव नव्हे, चंदगडकडे. हे सगळं पाठ.

तुडयेचं मला नेहमी नवल वाटायचं. बेळगावला पाणी पुरवणारा राकसकोपचा तलाव तिथून हाकेवर. तुडयेचा माणूस भाजी विकायला, दवाखान्याला, लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येतो. पण त्याचं टपाल चंदगडचं, कोल्हापूर जिल्ह्याचं, महाराष्ट्र सर्कलचं. "माणूस तासाभरात पोचतोय, पण त्याचं पत्र कोल्हापूर बघून येतंय," काका म्हणायचे. ते हे तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. उलट त्यात त्यांना जरा अभिमान असायचा, कारण हा उलटासुलटा नकाशा त्यांच्या डोक्यात होता आणि आमच्या नव्हता.

मग पिन कोड आला. १५ ऑगस्ट १९७२. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची गावं ढिगानं आणि पत्ते लिहिणारे अनेक लिप्यांत, ही अडचण. आमच्या भागाइतकं तिचं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. खानापूर आमचं आणि खानापूर सांगली जिल्ह्यातलं. शहापूर बेळगावातलं, शहापूर इचलकरंजीतलं, शहापूर ठाण्याकडचं. वडगाव तर किती सांगावीत. पिन कोडाआधी खानापूरचं पत्र चुकीच्या खानापुरात जाऊन, तिथला शिक्का खाऊन, आठवड्यानं परत यायचं. सहा आकड्यांनी तो घोळ मिटवला. पण त्याच आकड्यांनी आम्हाला पक्कं वाटूनही टाकलं. महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेशाला पहिला आकडा ४. कर्नाटक आणि आंध्राला ५. बेळगाव ५९०००१, खानापूर ५९१३०२, निपाणी ५९१२३७. शिवारापलीकडचं चंदगड ४१६५०९. बांधावर उभं राहून एका पायाला ४ आणि दुसऱ्याला ५ लावून घेता येतो.

त्या योजनेत नऊ विभाग आहेत. आठ भूगोलाचे, नववा लष्कराचा. बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीची पंढरी. इथल्या गल्लीगल्लीत आणि पंचक्रोशीतल्या गावागावांत कुणाचा ना कुणाचा मुलगा फौजेत. त्याच्या पत्रावर गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. नाव, हुद्दा, पलटण आणि खाली ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. सीमाभागातल्या मराठी घरात राज्याचं नाव नसलेला हा एकच पत्ता यायचा आणि तो वाचताना कुणाचं काही अडायचं नाही.

आता टॉवर. बाची कर्नाटकात आणि शिनोळी महाराष्ट्रात. मधे म्हणाल तर एक पाटी. शिनोळीला औद्योगिक वसाहत झाली, बेळगावची कितीतरी पोरं तिथं कामाला जातात. मोबाईल नवे होते त्या दिवसांत हा रस्ता म्हणजे खिशाला भोक होतं. कर्नाटक सर्कलचं सिम घेऊन शिनोळीत शिरलात की रोमिंग. शिनोळीचं सिम घेऊन बाचीच्या हॉटेलात चहा प्यायला आलात तरी रोमिंग. टॉवरला बिचाऱ्याला रेषा दिसत नाही, तो हवेत सगळीकडे पसरतो, त्यामुळे कैकदा आपल्याच घराच्या माडीवर बसून माणूस परराज्यात असायचा. उचगावच्या आमच्या मावशीकडे मागच्या दारी महाराष्ट्र आणि पुढच्या सोप्यात कर्नाटक अशी स्थिती होती. फोन वाजला की मावशी ओरडायची, "अरे, पुढं ये आधी, मग उचल! तिकडं पैसे पडत्यात!" इनकमिंगलाही पैसे पडायचे, हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही.

ज्यांनी सर्कल पाडली त्यांनी राज्यांच्या हद्दी घेतल्या आणि त्यावर परवाने विकले. कारकुनी सोय म्हणून ते बरोबरच होतं. पण एखादी हद्द नुसती कागदावर असणं वेगळं आणि तिला मिनिटामिनिटाचा दर लागणं वेगळं. १९५६च्या रेषेवर कुणी जकात बसवली नव्हती. आमच्यासाठी ती बसवली दूरसंचार खात्याच्या नकाशानं, आणि काढलीही त्याच खात्याच्या अखत्यारीत. जून २०१५मध्ये बीएसएनएलनं देशभर रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं. मग ४जीची चढाओढ लागली आणि बाकीच्या कंपन्यांनीही रोमिंग गुंडाळलं. त्या दिवशी बाची-शिनोळीच्या दरम्यान जो एकोपा झाला तो कुठल्याही आयोगाला जमला नव्हता. बातमी म्हणून मात्र ती कुणी छापली नाही.

तारेबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत, म्हणून एवढंच. १४ जुलै २०१३च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली. दिल्लीला निषेधाच्या तारा ठोकायची आमच्या भागाची जुनी सवय होती. ती संपली आणि आता एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, हॅशटॅग चालवतात. पूर्वीच्या पद्धतीत निदान पोस्टाला उत्पन्न होतं.

रेल्वेकडे वळलं की मिरज टाळता येत नाही. बेळगावच्या माणसाच्या आयुष्यात मिरजेला जागा आहे ती हॉस्पिटलांमुळे, सतारींमुळे आणि गाडी बदलण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेनं लोंढा-बेळगाव-मिरज असा मीटरगेज रूळ टाकला. एक मीटर रुंदीचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-मिरज-कोल्हापूर रुंद झाला, १६७६ मिलिमीटरचा. मिरजेच्या अलीकडे मात्र आम्ही नव्वदच्या दशकापर्यंत अरुंदच राहिलो. म्हणजे दोन राज्यांच्या हद्दीशेजारी, कुठल्याही आयोगानं न सुचवता, साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटरची एक खरीखुरी सीमा वीस-बावीस वर्षं नांदत होती. मुंबईला निघालेलं आख्खं कुटुंब अपरात्री मिरजेला उतरायचं. ट्रंका, तांदळाची पोती, कुंद्याचे पुडे, झोपेत रडणारी पोरं. हमाल भाव वाढवून सांगायचे, कारण पलीकडची गाडी थांबणार नाही हे त्यांना ठाऊक. मालाचं तर विचारूच नका. वॅगनी रिकाम्या करायच्या आणि दुसऱ्या वॅगनीत भरायच्या. बेळगावचा व्यापार हुबळी-बंगळूरकडे झुकला याची कारणं सांगताना आमच्याकडे राजकारण सांगतात. मला त्यात रुळांच्या रुंदीचा वाटा मोठा दिसतो.

रूळ रुंद झाल्यावर गाड्या सरळ जाऊ लागल्या आणि मिरजेत उतरायची गरज संपली. मग २००३मध्ये नवे विभाग झाले. आम्ही हुबळीच्या नैर्ऋत्य रेल्वेत गेलो, मिरज मध्य रेल्वेत राहिली. आता शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग ही स्टेशनं हुबळीला उत्तर देतात आणि तिथली अर्धी माणसं औषधपाण्याला मिरजेला जातात. पॅसेंजर गाडीची वेळ बदलायची तर दोन विभागांचं जमायला हवं. रेल्वेतले लोक याला इंटरचेंज पॉइंट म्हणतात आणि तिथं गाडी थोडी रेंगाळणार हे गृहीत धरतात.

स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीबद्दल मात्र मला या खात्याचे आभार मानावेसे वाटतात. रेल्वेचा नियम तीन लिप्यांचा. राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. आमच्या पाटीवर मराठी नाही, नियमात ती बसतही नाही. पण हिंदी देवनागरीत असल्यामुळे गावात नवीन आलेल्या चंदगडच्या म्हातारीला स्टेशनाचं नाव वाचता येतं. शहरातल्या इतर सरकारी पाट्यांवरून किती डोकी फुटली ते आम्ही जाणतो. स्टेशनवर, पोस्टात, बँकेत हा प्रश्न आडवाटेनं थोडासा सुटलेला आहे. थोडासाच. फॉर्म भरायला लागलात की कळतं.

१ नोव्हेंबर २०१४ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, तेव्हाही ही खाती मधे होतीच. गावाचं नाव बदलायचं तर केंद्रीय गृहखातं रेल्वे आणि टपालखात्याचं ना-हरकत घेतं. तेही बरोबर आहे, कारण पाट्या आणि शिक्के त्यांनाच बदलायचे असतात. स्टेशनचा कोड मात्र बीजीएमच राहिला. तिकीट काढताना तो टाइप करणारे दोन्ही बाजूंचे कट्टर मला माहीत आहेत.

सुरेश अंगडी २०१९मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले. बेळगावचे खासदार, त्यामुळे शहरात वेगळीच हवा आली. दिल्लीतल्या खात्यात आपलं कुणी असलं की काय होतं ते पहिल्यांदा जवळून दिसलं. बेळगाव-धारवाड रस्त्यानं जा, कित्तूरवरून सरळ. रेल्वेनं जायचं तर खाली लोंढ्यापर्यंत उतरून पुन्हा वर चढायचं. हा वळसा तोडणारा कित्तूरमार्गे नवा रूळ त्यांच्याच काळात मंजुरीपर्यंत आला. सप्टेंबर २०२०मध्ये कोविडनं ते गेले. स्टेशनची नवी इमारत आणि लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्ग यांचं लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ला पंतप्रधानांनी केलं. कित्तूरचा रूळ मात्र जमिनीपाशी अडला. खानापूर-बेळगावच्या मधल्या पट्ट्यातले शेतकरी म्हणाले, पिकाऊ जमिनीतून नको, पलीकडच्या माळावरून न्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

जमिनीचाच विषय निघाला तर हलगा-मच्छे बायपासबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. हलग्यापाशी पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे जुना चार नंबर, आताचा ४८. मच्छ्यापाशी पणजीचा रस्ता, जुना ४-अ, आताचा ७४८. दोन्ही जोडणारा हा जेमतेम दहा किलोमीटरांचा तुकडा. पण तो जातो शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातून. ही जमीन पाहिली नसेल तर पावसाळ्यात एकदा येऊन बघा. काळी, चिकट, ढेकळ हातात दाबलं तर बोटांचे ठसे राहतात. बेळगावचा बासमती पिकतो तो इथं. तांदूळ निघाला की मसूर, वाटाणा, भाजीपाला. दहा-वीस गुंठ्यांवर घर चालतं. विहिरीवरची मोटर, बांधावरचा आंबा, धुऱ्यावर बसून भाकरी खाणारे नवरा-बायको. या पट्ट्यात महामार्ग प्राधिकरणाचे दगड आले.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६चा, भाषावार राज्यांच्याच वर्षातला. त्यातलं कलम ३-अ म्हणतं की सरकारनं जमीन घ्यायचा इरादा राजपत्रात जाहीर करावा, त्याचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं. हरकतीला एकवीस दिवस. हरकती ऐकून झाल्या की ३-ड, आणि जमीन सरकारची. आता या शिवारात स्थानिक भाषा कोणती, हे कायदा सांगत नाही. दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात एका गावाला एक भाषा असणार. येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या घरी 'तरुण भारत' येतो. हलग्याच्या घरी कन्नड पेपर येत असेल. एकवीस दिवस जाहिरातीच्या बारीक अक्षरात सर्व्हे नंबर शोधत कोण बसतं?

शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. काम थांबलं, सुरू झालं, परत थांबलं. उभ्या पिकात जेसीबी आले तेव्हाचे फोटो अजून आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. या आंदोलनात मी एक गोष्ट पाहिली. बांधावर मराठी आणि कन्नड शेतकरी एकत्र उभे होते. हिरवी शाल खांद्यावर टाकलेले रयत संघाचे कन्नड कार्यकर्ते येळ्ळूरच्या बायकांना "अक्का, तुम्ही पुढं बसा" म्हणत होते. सीमेवरून एरवी ज्यांचं एकमेकांशी पटणार नाही अशी ही माणसं. मंत्रालयाच्या एका आखणीनं त्यांना एकत्र आणलं, त्याचं श्रेय मंत्रालयानं खुशाल घ्यावं.

महामार्गाची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर २०२२मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. असं झालं की पहिला फटका बसतो तो लाल एसटीला आणि कर्नाटकाच्या बसला, कारण त्यांच्या अंगावर राज्याचं नाव असतं. आंतरराज्य फेऱ्या दोन राज्यांच्या करारावर चालतात. मर्जी बिघडली की डेपोत उभ्या. कोल्हापूरला दवाखान्याची तारीख असलेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी त्या आठवड्यात रेल्वे धरली. रेल्वेच्या डब्यावर कुठल्या राज्याचं नाव नसतं, त्यामुळे त्याला काळं फासून कुणाचं समाधान होत नसावं.

आणि नंबरप्लेट. बेळगाव केए-२२, चिकोडी केए-२३, कोल्हापूर एमएच-०९. मोटार वाहन कायदा म्हणतो की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांवर ठेवली तर नोंदणी बदला, आधी मूळ आरटीओचं ना-हरकत आणा, कर भरा. चंदगडला घर आणि बेळगावात दुकान असलेल्या माणसानं हे बारा महिने कुठून मोजायचे? तो तर रोज संध्याकाळी राज्य बदलतो. २०२१ला देशभर चालणाऱ्या नंबरांची बीएच मालिका आली, पण ती बदलीच्या नोकरदारांसाठी. जागचे न हलता दोन राज्यांत राहणाऱ्यांचा विचार त्यात नाही.

सांबऱ्याच्या विमानतळाचं थोडक्यात. धावपट्टी १९४२ची. उडान योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगाव आलं, तेव्हा सवलतीच्या विमानांनी शहरातली निम्मी माणसं एकदा तरी हवेत जाऊन आली. योजनेची मुदत संपेल तसतशी काही विमानं गेली. विमानाचं असंच असतं, त्याला रूळ नसतात.

या सगळ्यात ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच गेलेलं नाही ती गावं खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात आहेत. गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव. पावसाळ्यात ओढे भरले की ती तुटतात, आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीतून खांद्यावर आणावं लागतं. रस्ता म्हटलं की वनखातं आडवं येतं आणि टॉवर म्हटला तरी तेच. २०२२मध्ये केंद्रानं देशातल्या २४,६८० गावांना ४जी पोचवायची योजना मंजूर केली. पैसा आहे, फाइल आहे. पण अभयारण्यात खांब रोवायची परवानगी दुसऱ्या मंत्रालयाकडे, जमीन राज्याकडे. दिल्लीतली दोन खाती एकमेकांना पत्रं लिहितात आणि ती तरी वेळेवर पोचतात की नाही कोण जाणे.

माझे काही सीमावासी मित्र या लिखाणावर चिडतील. मूळ प्रश्न सोडून हा रूळ नि टॉवर काय घेऊन बसला, म्हणतील. मूळ प्रश्न मी सोडलेला नाही. दावा कोर्टात आहे आणि तो लागेल तेव्हा लागेल. पण निपाणीचं बघा. तंबाखूची एवढी मोठी पेठ, देशातल्या सर्वांत वाहत्या महामार्गांपैकी एकाच्या काठावर, आणि गावात रेल्वे नाही. चिकोडी तालुक्याच्या नावानं एक 'चिकोडी रोड' स्टेशन आहे, तेही गावापासून लांब रायबागकडे. बेळगावहून कोल्हापूरला रेल्वेनं जायचं तर अजूनही मिरजेचा त्रिकोण करावा लागतो. मधून निपाणीवरून रूळ टाका ही मागणी जुनी आहे. तो टाकायला ना महाजन अहवाल आड येतो ना सर्वोच्च न्यायालय. त्या जमिनी कर्नाटकात राहिल्या काय नि महाराष्ट्रात गेल्या काय, रूळ केंद्राचाच.

निपाणीच्या एका मित्राला मी हे बोलून दाखवलं. तंबाखूचा धंदा, तिसरी पिढी, घरात मराठी, वखारीत कन्नड. तो म्हणाला, "येऊ दे तर खरी रेल्वे. पाटीवर काय लिहायचं त्यावरून भांडूया की सावकाश, फलाटावर बसून."